अर्ध्या तासात मारलेली रेघ

इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या तासाला आपण रोज कितीतरी रेघा मारतो. चुकली की खोडरबर आहेच! पण कधीच न खोडता आलेल्या एका रेघेबद्दल मी वाचलं, आणि ते तुम्हांला सांगावंसं वाटलं.

कोरिया हा शतकानुशतके एकच देश. भाषा एक, लिपीही एक. १९१० साली जपानने तो गिळंकृत केला. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येणार हे दिसू लागलं, तेव्हा रशियन फौजा कोरियाच्या दारात होत्या आणि अमेरिकन सैन्य खूप लांब. मग तिथल्या जपानी सैन्याची शरणागती कुठे कोणी घ्यायची? १० ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अधिकाऱ्यांना हे ठरवायला अर्धा तास मिळाला. समोर नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा! राजधानी सोल अमेरिकेकडे राहावी म्हणून त्यांनी ३८ वे अक्षवृत्त निवडलं. रशियानेही ते मान्य केलं. कोरियन माणसाला मात्र कोणी विचारलंच नाही.

रेघ तात्पुरती होती, मग पक्की कशी झाली? दोन्ही महासत्तांनी आपापल्या बाजूला मर्जीतली माणसं पुढे आणली. उत्तरेत किम इल सुंग, दक्षिणेत सिंगमन री. निवडणुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष होते आपले के. पी. एस. मेनन. पण रशियाने आयोगाला उत्तरेत येऊच दिलं नाही. १० मे १९४८ रोजी फक्त दक्षिणेत मतदान झालं, आणि चारच दिवसांनी उत्तरेने दक्षिणेची वीज तोडली. म्हणजे बघा, मोठी वीजकेंद्रं उत्तरेत, भातशेती दक्षिणेत. एकमेकांवाचून अडणारे दोन तुकडे! १५ ऑगस्टला दक्षिणेचं आणि ९ सप्टेंबरला उत्तरेचं सरकार जाहीर झालं.

२५ जून १९५० रोजी उत्तरेने हल्ला केला. तीन वर्षांत लाखो माणसं मेली. २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला, तेव्हा सीमा सरकून सरकून किती सरकली? जवळजवळ होती तिथेच! फक्त आता तिच्यावर चार किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा आला. शांततेचा करार आजतागायत झालेला नाही. पलीकडे राहिलेल्या आईची, भावाची वाट बघत हजारो म्हातारे वारले.

उद्या आपणही धरणाची, रस्त्याची रेघ कागदावर मारणार आहोत. ती कोणाच्या अंगणातून जाते, हे आधी तिथे जाऊन विचारायला हवं. नकाशावर अंगण दिसत नाही.