पाळीव कुत्रा आणि घराची स्वच्छता

वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबात कुत्रा पाळण्याची प्रथा जुनी आहे. वरुड-मोर्शीकडील संत्र्यांच्या बागा असोत की अकोट-मूर्तिजापूर भागातील कपाशी आणि ज्वारीची शेते असोत, रात्रीच्या जागलीला सालदाराच्या सोबतीस कुत्रा असावयाचाच. गावातही त्याची जागा ठरलेली होती. दिवसा तो ओसरीच्या खाली, रात्री अंगणात किंवा गोठ्याच्या तोंडाशी राही. माजघरात त्याचा प्रवेश नसे. त्यामुळे त्याने लघवी कोठे करावी, हा प्रश्न कोणास पडला नाही.

गेल्या काही दशकांत हे चित्र बदलले. अमरावती व अकोला या शहरांत अंगणाच्या घरांऐवजी दोन-तीन खोल्यांची निवासस्थाने व सदनिका उभ्या राहिल्या. कुत्रा अंगणातून घरात आला. मात्र घरात कसे राहावे, हे त्याला कोणी शिकविले नाही. हौसेने आणलेले पिल्लू फरशीवर, चटईवर, अंथरुणावर लघवी करू लागते. प्रथम हसण्यावारी नेलेली ही गोष्ट पुढे कुटुंबात कलहाचे कारण होते. कुत्र्याला मार बसतो, तो दिवसभर साखळीला बांधला जातो आणि अखेर एखाद्या रात्री गावाबाहेर नेऊन सोडला जातो. घरात वाढलेल्या प्राण्याला रस्त्यावर अन्न मिळविता येत नाही. लस न टोचलेला असा प्राणी पुढे साऱ्या वस्तीच्या आरोग्याचा प्रश्न होऊन बसतो. म्हणून हा विषय क्षुल्लक मानून चालणार नाही.

निसर्गाची देणगी

कुत्रा हा स्वभावतः घाणेरडा प्राणी नाही. जन्मानंतरचे पहिले काही दिवस पिल्लाचे मलमूत्र त्याची आई चाटून स्वच्छ करते. सुमारे तीन आठवड्यांचे झाले की पिल्लू निजण्याच्या जागेपासून दूर सरकून लघवी करू लागते. आपली निजण्याची व खाण्याची जागा स्वच्छ ठेवावी, ही त्याची उपजत वृत्ती असते. अडचण एवढीच, की आपण ज्याला घर म्हणतो ते सर्वच्या सर्व आपले निवासस्थान आहे, हे त्याला कळत नाही. स्वयंपाकघराचा कोपरा त्याच्या दृष्टीने निजण्याच्या जागेपासून पुरेसा दूर असतो.

आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पिल्लाची एखाद्या विशिष्ट पृष्ठभागाविषयीची आवड पक्की होऊ लागते. ज्याला माती वा गवत मिळाले ते पुढे माती शोधते; ज्याला केवळ फरशी मिळाली ते फरशीच पसंत करते. याच काळात योग्य जागा दाखविली, तर पुढचे कष्ट पुष्कळ कमी होतात. मोठ्या कुत्र्यालाही ही सवय लावता येते. त्यास वेळ अधिक लागतो, इतकेच.

वेळापत्रकाचे महत्त्व

पिल्लाचे वय जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवून येईल तितके तास ते दिवसा लघवी रोखू शकते, असा स्थूल हिशेब आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास. यापेक्षा अधिक काळ त्याला बंद खोलीत ठेवणे आणि नंतर दोष देणे न्यायाचे नव्हे.

झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यानंतर, पाणी प्याल्यानंतर, खेळ संपल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी पिल्लाला ठरलेल्या जागी न्यावे. जागा रोज तीच असावी, नेण्याचा मार्ग तोच असावा आणि उच्चारावयाचा शब्दही तोच असावा. तेथे गेल्यावर खेळू नये. शांतपणे उभे राहावे. विधी उरकताच त्याच क्षणी शाबासकी द्यावी व भाकरीचा एखादा तुकडा द्यावा. घरात परतल्यावर दिलेल्या बक्षिसाचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही.

या कामी एक साधी वही फार उपयोगी पडते. खाण्याची वेळ, बाहेर नेल्याची वेळ आणि घरात चूक झाल्यास तिची वेळ व जागा, एवढ्या नोंदी घरातील शाळकरी मुलाने कराव्यात. दोन आठवड्यांत वही स्वतःच बोलू लागते. चुका बहुधा ठराविक वेळी होतात आणि त्या वेळी घरातील कोणाचेच लक्ष नसते, असे दिसून येते. कुत्र्याच्या अनियमितपणाचे मूळ पुष्कळदा माणसांच्या अनियमितपणात असते.

वऱ्हाडातील ऋतू

येथील हवामानाचा विचार न करता घालून दिलेले नियम टिकत नाहीत. मे महिन्यात अकोल्याचा पारा अनेकदा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी दुपारी डांबरी रस्त्यावर वा गच्चीवर नेल्यास कुत्र्याचे पंजे भाजतात आणि तो बाहेर जाण्यासच घाबरू लागतो. म्हणून सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर त्याला फिरवावे आणि दुपारसाठी झाडाखालची वा भिंतीच्या सावलीतील जागा ठरवावी. जमिनीवर आपला तळहात काही क्षण ठेवून पाहिल्यास ती सोसण्यासारखी आहे की नाही, हे समजते.

लघवी कमी व्हावी म्हणून काही घरी कुत्र्याचे पाणी तोडतात. उन्हाळ्यात हा उपाय त्याच्या जिवावर बेतू शकतो. कुत्र्याला माणसाप्रमाणे सर्वांगास घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो आणि त्यात पुष्कळ पाणी खर्ची पडते. पाणी सदैव ठेवावे आणि बाहेर नेण्याच्या फेऱ्या वाढवाव्यात.

पावसाळ्यात अनेक कुत्री ओल्या जमिनीवर पाय ठेवण्यास नाखूश असतात. अशा दिवसांसाठी पडवीच्या आडोशाला कोरड्या मातीची जागा राखावी. सदनिकेत राहणाऱ्यांनी सज्जात माती वा वाळू भरलेला पसरट ट्रे ठेवावा व ती माती वरचेवर बदलावी.

स्वच्छता कशी करावी

कुत्र्याचे नाक माणसाच्या नाकाहून कितीतरी पटींनी तीक्ष्ण असते. आपणास वास येईनासा झाला तरी त्याला तो येतो आणि तो वास त्याला पुन्हा त्याच जागी ओढून आणतो. अमोनियायुक्त द्रावणाने जागा पुसल्यास मूत्राशी मिळताजुळता वास मागे राहतो. फिनेल कुत्र्यांना बाधक ठरू शकते. ब्लीचिंग पावडर ताज्या मूत्रावर टाकल्यास घातक वायू निर्माण होतो. म्हणून तसे कदापि करू नये.

लघवी प्रथम जुन्या कापडाने टिपून घ्यावी, जागा साध्या पाण्याने धुवावी, नंतर पाणी मिसळलेल्या शिरक्याने पुसावी व कोरडी करावी. मूत्रातील घटकांचे विघटन करणारी विकरयुक्त द्रावणे बाजारात मिळतात. ती अधिक परिणामकारक असतात. शहाबादी फरशीच्या सांध्यांत मूत्र मुरते, तेव्हा सांधे घासून धुणे आवश्यक आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर केवळ वरून सारवणे पुरेसे नसते. भिजलेला थर खरवडून काढावा, नवी माती ठोकून बसवावी व मग सारवावे.

शिक्षेने काय साधते?

कुत्र्याचे नाक त्याच्या मूत्रात घासणे, त्याला काठीने मारणे हे प्रकार आजही आढळतात. घटना घडून गेल्यावर केलेल्या शिक्षेचा अर्थ कुत्र्याला लागत नाही. माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे, एवढाच धडा तो घेतो. मग तो खाटेखाली, कपाटामागे लपून लघवी करतो आणि बाहेर नेल्यावरही मालकासमोर करीत नाही. काही भित्री कुत्री मालक रागावताच जागीच लघवी करतात. ती अवज्ञा नसून शरणागती असते. अशांना ओरडल्यास दोष वाढतो. चूक होताना दिसली, तर हलकेच टाळी वाजवून त्याला लगेच बाहेर न्यावे.

सवय की आजार?

पूर्वी स्वच्छ राहणारा कुत्रा अचानक घरात लघवी करू लागला, तर प्रथम पशुवैद्यकास दाखवावे. मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, मधुमेह व मूत्रपिंडाचे विकार यांची ही खूण असू शकते. नसबंदी झालेल्या काही माद्यांना झोपेत नकळत लघवी होते. त्यावर औषधोपचार आहेत. वयात आलेला नर भिंतीवर, खुर्चीच्या पायावर थोडी-थोडी लघवी करतो, तो आपली हद्द आखण्याचा प्रकार होय; नसबंदीने तो अनेकदा कमी होतो. जिल्ह्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यांत अशा प्राण्यांची तपासणी करून घेता येते. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यक संस्थाही अकोल्यात आहे.

कुत्र्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग माणसाला होऊ शकतो. म्हणून साफसफाईनंतर हात साबणाने धुवावेत आणि पायास जखम असल्यास अनवाणी वावरू नये. रेबीजची लस तर प्रत्येक पाळीव कुत्र्याला टोचलीच पाहिजे.

शाळा व पंचायत यांचे कार्य

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्यास मारहाण करणे, सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसे फिरू न देणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत त्यास वाजवी कारणाशिवाय सोडून देणे, हे गुन्हे ठरतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनिर्मूलन व नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखविता येईल. लसीकरणासाठी लोक एकत्र येतात, त्या दिवशी वरील वहीचा नमुनाही त्यांना दाखविता येईल. शिक्षकांनी मुलांना ही वही ठेवण्यास शिकविले, तर निरीक्षण व नोंद यांचा धडा घरबसल्या मिळेल. घरात शिस्त लावताना गल्ली वा शेजाऱ्याचे दार घाण होणार नाही, याकडेही लक्ष असावे; फिरावयास नेताना विष्ठा उचलण्यासाठी कागद सोबत न्यावा.

१८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे जन्मलेले संत गाडगेबाबा गावात आले की प्रथम स्वतः खराटा हाती घेत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. त्यांच्या नावाने राज्यात २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. दुसऱ्यास स्वच्छता शिकवावयाची तर आधी आपण झाडावे, हा त्यांचा क्रम होता. मुक्या प्राण्याच्या बाबतीतही तोच क्रम उपयोगी पडतो. मालकाने आधी स्वतःच्या वेळा पाळाव्यात. कुत्रा त्या पाळावयास शिकतोच.