गंजाला अडवणारे जस्त

आमच्या दारातली पाण्याची टाकी जस्ती पाइपांच्या स्टँडवर उभी आहे. मागच्या वर्षी स्टँडचा एक पाय मोडला, म्हणून बाबांनी तो वेल्डिंग करून आणला. पावसाळा संपला आणि बघतो तर काय, नेमका जोडच गंजलेला! बाकी पाइप छान. टाकीखाली माझी धाकटी बहीण खेळते. मला भीतीच वाटली. मी गुरुजींना विचारले.

गुरुजी म्हणाले, "अरे, कारखान्यात स्वच्छ केलेले लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवतात. ते जस्त सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापलेले असते. दोन्ही धातू एकजीव होतात आणि पाइपाच्या आतबाहेर घट्ट थर बसतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तोच थर जळाला."

मग उपाय काय? जस्ताच्या भुकटीचा राखाडी रंग! तो ब्रशने लावता येतो. पण तो लोखंडाशी एकजीव होत नाही, नुसता चिकटतो. गंजावर लावला तर फुकट. जस्ताचे कण उघड्या लोखंडाला टेकलेच पाहिजेत. दोन्ही प्रकारांत जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते.

रविवारी आम्ही टाकी रिकामी केली. बाबांनी जोड ठोकून पाहिला, मजबूत होता. मी तो पॉलिश पेपरने चकचकीत घासला. बाबांनी रंगाचे दोन हात दिले.

म्हणून लक्षात ठेवा : नव्या वस्तूला बुडवून दिलेले जस्त चांगले, दुरुस्तीला जस्ताचा रंग. आज घरी गेल्यावर तुमच्याकडचे जोडही बघा हं!