पेशकीरच्या टोकावर कार्नेशन

ऑटोमन घरांत जेवताना मांडीवर घ्यायच्या लांब रुमालाला पेशकीर म्हणत. मधला भाग कोरा, दोन्ही टोकांना रेशमी फुले. टोक हातात उलटसुलट होणार, म्हणून भरतकाम दोन्हीकडून सारखेच दिसायला हवे. या कामाची सगळी शान मला या एका अटीत दिसते.

ट्यूलिप, कार्नेशन, हायसिंथ आणि गुलाब यांना सोळाव्या शतकात सुलतान सुलेमानच्या चित्रशाळेतल्या कारा मेमीने नक्षीत मानाचे स्थान दिले. पुढे तीच फुले इझनिक गावात बनणाऱ्या टाइल्सवर आणि घरोघरच्या भरतकामात उमलली. असे भरतकाम स्वतः करून पाहायचे असेल, तर सुरुवात कार्नेशनपासून करा. त्याच्या पाकळीची दातेरी कड धागे मोजून भरायला फार सोयीची.

कापड उभे-आडवे धागे सारख्या जाडीचे असलेले लिनन घ्या, सेंटिमीटरला साधारण 11 धागे. बिनपिळाचे रेशीम लाल, निळे, हिरवे आणि गडद तपकिरी. सुई बोथट टोकाची, 26 नंबरची. कापड चौकटीवर ताणा. रेशीम हातभरापेक्षा लांब घेऊ नका, घासून त्याची चमक जाते. फुलाचा आकार आधी चौकटीच्या कागदावर काढा: रुंदी साठ धागे, मध्यभागी सर्वांत उंच पाकळी.

आता मुख्य टाका. गाठ मारायची नाही. बोटभर शेपूट सोडा, ते नंतर टाक्यांखाली लपवायचे आहे. पाकळीच्या तळाशी सुई वर काढा. तीन धागे वरून, तीन खालून, असे सरळ वर जा. कडेला पोहोचलात की त्याच वाटेने परत या आणि मधल्या मोकळ्या जागा भरा. आता दोन्ही बाजूंना अखंड रेघ दिसेल. परतीचा शेवटचा टाका उलट बाजूला पडतो. तो पडताना सुई एक धागा उजवीकडे वर काढा, म्हणजे पुढची ओळ तिथूनच सुरू होते. कसुती भरतकामातला गवंती टाका ज्यांच्या हातात बसला आहे, त्यांना ही ये-जा लगेच जमेल. फरक इतकाच की इथे ओळी एकमेकींना चिकटून पूर्ण पाकळी भरायची.

दाते काढताना सलग तीन ओळी वरच्या टोकाला एकेका टाक्याने वाढवा आणि चौथी एकदम पहिलीइतकी आखूड करा. दात्यांची टोके गोल करण्याचा मोह आवरा. करवती कड गेली की कार्नेशन कोणतेही फूल होऊन बसते. दर चार-पाच ओळींनंतर चौकट उलटून पाहा. मागे एखादा धागा आडवा लोंबत असेल तर तेवढे उसवा, पुढे रेटू नका.

पाकळ्या लाल, देठाजवळचा पेला निळा, पाने हिरवी. शेवटी तपकिरी रेशमाची बाह्यरेषा, तीही ये-जा करूनच. जुन्या नमुन्यांत ही रेषा पुष्कळदा झडलेली दिसते, कारण गडद रंगासाठी वापरलेल्या लोहक्षारांनी रेशीम कुजत जाई.

मानवाकृती हव्या असतील तर ग्रीसमधल्या इपिरसकडे पाहा. 1913 पर्यंत ऑटोमन सत्तेखाली असलेल्या तिथल्या यानिना परिसरात ग्रीक ख्रिस्ती घरांतल्या लग्नाच्या उशांवर वधू-वर, घोडेस्वार आणि पक्षी याच फुलांमध्ये उभे असत. आकृती करताना आधी तिची बाह्यरेषा घाला, मग झगा वर दिलेल्या टाक्याने भरा. चेहरा कापडाचाच ठेवा, फक्त डोळे-भुवया रेषेने. भरलेला चेहरा जड दिसतो.

काम संपल्यावर ओला पांढरा कापूस लाल रेशमावर दाबा. रंग लागला तर धुऊ नका. टॉवेलवर भरतकाम पालथे ठेवून वरून सुती फडके घाला आणि कोमट इस्त्री दाबून उचला, घासू नका.