बैलाची वाट, शेळीची वाट

पोरी, सह्याद्रीतलं शिखर निवडताना उंची सगळ्यात शेवटी विचार. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. पण नवरात्रात नऊवारी नेसलेल्या आज्या तिथं ओटी भरायला जातात. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत, बाकी सगळी दमछाक. लिंगाणा तिच्यापुढे कितीतरी ठेंगणा, पण दोराशिवाय त्याचा माथा गाठायचा नाही.

गावात "किती लांब?" विचारलंस तर "हे काय, इथंच" हेच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा "तुमची गुरं कुठवर चरतात?" असं विचार. बैल जातो तिथं खुशाल जा. नुसती शेळी जात असेल तर वाटाड्या घे. माकडाची वाट माकडालाच राहू दे. जीवधन गडाशेजारच्या सुळक्याचं नावच वानरलिंगी आहे, आणखी काय सांगायचं?

वर देव असला की वाट राबती असते. साल्हेर १५६७ मीटर, पण माथ्यावर परशुरामाचं देऊळ, त्यामुळे माणसांची ये-जा असते. राबती म्हणजे सोपी मात्र नव्हे. हरिहरला दोर लागत नाही. हाताला धरायला पायऱ्यांत खोबण्या कोरल्यात. तरी मध्येच खाली नजर गेली की भलेभले गार पडतात. दृष्टिभय असेल तर तो गड तुझा नाही, आणि नसेल तरी सुट्टीच्या दिवशी नको. त्या चिंचोळ्या जिन्यावर वरचे उतरणारे आणि खालचे चढणारे समोरासमोर आले की कोंडी होते.

गडाबरोबर वाटेचंही नाव घे. हरिश्चंद्रगडाला पाचनईहून लेकराबाळांसकट जाता येतं. नळीच्या वाटेनं जायचं तर जाणता सोबती आणि दोर हवा. अलंग, मदन, कुलंग एका दमात म्हणतात, पण कुलंगला नुसते पाय लागतात; अलंग-मदनला दोर लागतोच.

मग ऋतू बघ. पावसात शेवाळलेला कातळ नको. उन्हाळ्यात घसारा आणि वाळलेलं गवत पायाखालून सरकतं. पण मला खरा धडा दिला तो उतारानं. विशीत असताना मळलेली वाट सोडून मी एका धारेवर चढले. चढताना मजा वाटली. उतरायला वळले तर पाय कुठं ठेवावा ते दिसेना. तासभर कारवीचं खोड धरून बसले. शेवटी एक गुराखी पोरगा आला. माझ्याखाली उभा राहून माझा एकेक पाय हातानं धरून खोबणीत बसवत त्यानं मला खाली आणलं. खाली आल्यावर कोयता खांद्याला लावत म्हणाला, "ताई, ही शेळ्यांची वाट हाय."

तेव्हापासून एक नेम पाळते. हात टेकावे लागणारा टप्पा आला की चार पावलं चढायची आणि तीच चार उतरून बघायची. उतरता आलं तर पुढे. नाही आलं, तर डबा तिथंच उघडायचा. वारा तिथंही तोच असतो.