मालिशचे ५ प्रकार: कुणाला काय द्यायचं आणि कुणाला ‘नाही’ म्हणायचं



सलून-पार्लरमध्ये मालिशची सेवा कशी सुरू करायची, ते आपण व्हिडिओत बघितलं. या त्याच्या नोट्स. वहीत उतरवून घ्या.

आधी ग्राहक ओळखा. आपल्या मौद्यात रोवणी करून कंबर धरलेल्या ताई येतात, एनटीपीसीच्या प्लांटमधून शिफ्ट संपवून कामगार येतात, भंडारा रोडवर रात्रभर गाडी चालवलेले ड्रायव्हर येतात. तिघांचं दुखणं वेगळं, मग मालिश एकच कशी चालेल?

१. चंपी: डोकं, मान, खांदे. १०-१५ मिनिटांत हलकं वाटतं. इंग्रजीतला ‘शाम्पू’ हा शब्द आपल्या ‘चांपो’ म्हणजे ‘दाबा’ यावरूनच गेलाय, बरं का!

२. अभ्यंग: कोमट तिळाच्या तेलाने सर्वांगाला मालिश. कोरड्या त्वचेला चांगली, झोपही छान लागते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानामुळे लोकांना वेगळं समजवावं लागत नाही.

३. काशाच्या वाटीने तळव्यांची मालिश: एक खुर्ची, एक वाटी, थोडं तेल किंवा तूप. कमी भांडवलात सुरू करायला हीच बरी. वाटीने तळवे काळे पडतात, तो रंग धातू आणि तेल घासून येतो. “शरीरातलं विष निघालं” असं ग्राहकाला सांगू नका.

४. स्वीडिश: तेल लावून लांब हात फिरवणं, स्नायू मळणं, हलक्या थापट्या. थकवा आणि ताण यासाठी. नाव स्वीडनचं, पण यातल्या हातांची नीट मांडणी केली नेदरलँडच्या डॉ. मेझगर यांनी, १९व्या शतकात.

५. थाई: तेल नाही, अंगावर कपडे ठेवूनच दाब आणि ताण देतात. २०१९ मध्ये युनेस्कोने तिला वारसा यादीत घेतलं. रीतसर शिकल्याशिवाय हात लावू नका.

फायदा किती सांगायचा? स्नायूंचं दुखणं आणि ताण काही काळ कमी होतो, एवढंच. “गॅप भरून निघेल”, “शुगर उतरेल” असं बोर्डावर लिहायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथे ‘नाही’ म्हणा:

- एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी: आत रक्ताची गाठ असू शकते. चोळली तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते आणि जीवावर बेतू शकतं.
- कंबरदुखीसोबत पाय बधिर किंवा लघवीवर ताबा नाही: लगेच दवाखाना.
- ताप, जखम, त्वचेचं इन्फेक्शन, ताजं फ्रॅक्चर.
- गरोदर ताई किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू: डॉक्टरांना विचारूनच.
- शुगरमुळे तळवे बधिर: गरम तेल नको, भाजलेलं कळत नाही.

आणि कटिंगनंतर मान ‘कडकन’ मोडणं आजपासून बंद! मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा होऊ शकतो. ग्राहकाने मागितलं तरी द्यायचं नाही.

एका ग्राहकाला परत पाठवलं तर गल्ल्यात दोन-तीनशे कमी येतील. पण गाव छोटं आहे. “त्याने पैसे घेतले नाही, डॉक्टरकडे पाठवलं,” ही गोष्ट चार घरी जाते. अशी जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

आजचा होमवर्क: वरची यादी प्रश्न करून मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. तेलाची बाटली उघडायच्या आधी प्रत्येकाला विचारा. लावली की कमेंटमध्ये “लावली” लिहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!