आवाज वाढला, ठोका हरवला

सप्टेंबर २००८ मध्ये मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला आणि चाहत्यांत जुंपली. काही म्हणाले, जुनी मेटॅलिका परत आली! काही म्हणाले, गाणी झकास, पण आवाज फाटतोय. का बरं?

१६ बिटच्या सीडीला साधारण ९६ डेसिबलची रेंज असते. सगळंच जोरात वाजावं म्हणून हळू भाग वर उचलला, की ड्रमच्या ठोक्याला वर जागाच उरत नाही; वेव्हफॉर्मचा माथा सपाट कापला जातो. हेच क्लिपिंग.

'गिटार हीरो' गेममध्ये तीच गाणी कमी दाबलेली होती. चाहत्यांनी दोन्ही वेव्हफॉर्म शेजारी ठेवले, आणि वाद पुराव्यावर आला. हजारोंनी नव्या मिक्सची मागणी केली.

व्हॉल्यूम आपणही वाढवू शकतो. कापलेला माथा मात्र पुरता परत येत नाही.