बदलता पत्ता आणि स्थिर नांव

मनुष्याचें नांव आणि त्याचा पत्ता ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. बिऱ्हाड बदललें म्हणजे पत्ता बदलतो. नांव मात्र तेंच राहतें. हा भेद इतका उघड आहे कीं, त्याचा विचार करावा असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु घरांतील संगणकावर एखादें संकेतस्थळ ठेवून तें सर्वांस खुलें करावयाचें म्हटलें कीं प्रथम ह्याच भेदाशीं गांठ पडते.

एक उदाहरण घेऊं. बिबवेवाडींत राहणाऱ्या एका विद्यार्थ्यानें गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला असून रोज किती मिलिमीटर पाऊस पडला तें तो टिपून ठेवतो, असें समजा. हा खटाटोप निरर्थक नव्हे. शिवाजीनगरास मोजलेला पाऊस आणि शहराच्या दक्षिणेस टेकड्यांच्या कुशींत पडलेला पाऊस नेहमीं सारखाच असतो असें नाहीं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं दक्षिण पुण्यांत मुसळधार पाऊस होऊन आंबिल ओढ्यास पूर आला व कित्येकांचे प्राण गेले, हें पालकांच्या स्मरणांत असेलच. आपल्या वस्तींतील पाऊस शेजाऱ्यापाजाऱ्यांस केव्हांहि पाहतां यावा, म्हणून ह्या विद्यार्थ्यानें आपलीं टिपणें घरच्याच एका लहान संगणकावर मांडलीं. आतां तीं लोकांस सांपडावीं कशीं?

टपालाचा पत्ता आपणांस परिचित आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर ह्यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजीं भारतांत सहा अंकी पिनकोड सुरू झाला. बिबवेवाडीचा पिनकोड ४११०३७ हा होय. त्यांतील पहिल्या तीन अंकांवरून पुणें विभाग आणि पुढील तीन अंकांवरून टपालकचेरी समजते. हा क्रमांक आज एक व उद्यां दुसरा असा होत नाहीं.

इंटरनेटवरहि प्रत्येक जोडणीस असाच एक क्रमांक असतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. १९८१ सालीं ठरलेल्या रीतीप्रमाणें त्याचे चार भाग असून प्रत्येक भाग ० पासून २५५ पर्यंत असूं शकतो. ह्या हिशेबानें एकंदर सुमारें ४२९ कोटी पत्ते होतात. त्या काळीं ही संख्या मोठी वाटली. परंतु ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जागतिक साठ्यांतील अखेरचे गटहि वांटून संपले. पत्ते थोडे व घरें फार, अशा स्थितींत इंटरनेट पुरविणारी कंपनी साधारण गिऱ्हाइकास कायमचा पत्ता देत नाहीं. वाचनालयांतील पुस्तकाप्रमाणें तो मुदतीनें मिळतो. वीज गेली, राउटर बंद पडून पुन्हां सुरू झाला, कीं बहुधा नवा पत्ता पदरीं पडतो. आणि काल शेजाऱ्यांस सांगितलेला क्रमांक आज भलत्याच घरीं नेतो.

ह्यावर उपाय नांवाचा. १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस ह्यांनीं डीएनएस नांवाची व्यवस्था रचली. नांव विचारलें असतां त्या नांवाचा आजचा पत्ता सांगणें, हें तिचें काम. २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ ह्या शेवटाचीं नांवें देवनागरींतहि घेतां येतात. लोकांनीं नांव लक्षांत ठेवावें आणि क्रमांकाची काळजी ह्या व्यवस्थेनें वाहावी.

परंतु आपला पत्ता बदलल्याचें त्या व्यवस्थेस कळावें कसें? तिला तें आपोआप कळत नाहीं. घरानेंच कळवावें लागतें. त्यासाठीं घरच्या संगणकावर एक लहानसा प्रोग्रॅम ठेवतात. दर पांच मिनिटांनीं तो बाहेरच्या एका संगणकास ‘माझा पत्ता तुला कोणता दिसतो?’ असें विचारतो. उत्तर पूर्वीचेंच असेल तर तो स्वस्थ बसतो. निराळें असेल तर आपली गुप्त किल्ली दाखवून नांवापुढील नोंद बदलून घेतो. जुनी नोंद इतरत्रहि कांहीं काळ स्मरणांत ठेविली जाते. म्हणून तिची मुदत थोडी, म्हणजे ३०० सेकंदांच्या आसपास, ठेवावी.

घराच्या आंत आणखी एक पायरी आहे. बाहेरून येणारा पाहुणा राउटरपर्यंतच पोहोंचतो. सोसायटीच्या फाटकावरील पहारेकऱ्यास ‘पावसाची चौकशी करणाऱ्यास अमुक खोलींत पाठव’ असें सांगून ठेवावें, त्याप्रमाणें राउटरला सांगावें लागतें कीं ४४३ ह्या पोर्टावर येणारी विचारणा अमुक संगणकाकडे द्यावी. त्या संगणकाचा घरांतील पत्ता राउटरमध्येंच कायम करून ठेवावा. नाहीं तर पाहुणा दारांत यावयाचा आणि यजमान दुसऱ्याच खोलींत असावयाचा.

इतकें करूनहि कित्येकांस यश येत नाहीं, आणि दोष मात्र ते स्वतःस देतात. खरें कारण निराळें असूं शकतें. पत्त्यांच्या टंचाईमुळें पुष्कळ कंपन्या अनेक घरांस मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. तेव्हां राउटरवर दिसणारा पत्ता आणि बाहेरच्यांस दिसणारा पत्ता हे ताडून पाहावेत. ते भिन्न असतील, किंवा राउटरवरील पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या अंकांनीं सुरू होत असेल, तर आपलें दार कंपनीच्या दाराआड आहे असें समजावें. अशा घरास जगाकडे पाहतां येतें, पण जगास त्याच्याकडे येतां येत नाहीं. नांवाची नोंद कितीहि तत्परतेनें बदलली तरी येथें उपयोग नाहीं.

मग तीन मार्ग उरतात. पहिला, कंपनीस शुल्क देऊन स्थिर पत्ता घेणें. दुसरा, आयपीव्ही६ हा नव्या धर्तीचा पत्ता वापरणें. ह्या पत्त्यांची एकूण संख्या ३९ अंकी असल्यामुळें टंचाईचा प्रश्नच नाहीं. मात्र तोहि बदलूं शकतो आणि पाहणाऱ्याकडेहि ती सोय असावी लागते. तिसरा, घरच्या संगणकानें स्वतः बाहेरच्या एखाद्या संगणकाशीं जोडणी उघडी ठेवून पाहुण्यांस तिच्यांतून आंत घेणें. ह्या मार्गांत त्या मधल्या संगणकावर विसंबून राहावें लागतें.

एक इशारा देणें अवश्य आहे. जगासाठीं उघडलेलें दार चोरासहि उघडें असतें. म्हणून वडीलधाऱ्यांची अनुमति घ्यावी आणि कंपनीचे नियम वाचावेत. राउटरचा मूळचा पासवर्ड बदलावा. लागेल तेवढाच एक पोर्ट उघडावा. संगणकाच्या सुधारणा वेळच्या वेळीं घ्याव्यात. आणि घरचे कागदपत्र व फोटो त्या संगणकावर ठेवूं नयेत.

शिवाय ज्या रात्रीं ओढा भरून वाहील त्याच रात्रीं वीज जाण्याचाहि संभव अधिक, आणि मग नांव कायम असूनहि उत्तर देणारा कोणी नसेल. सबब पावसाचीं टिपणें वहींतहि लिहावींत आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणींहि ठेवावी.

तात्पर्य, पत्ता स्थिर राखणें प्रत्येकाच्या हातीं नसतें. परंतु तो बदलतांच खबर देणें हातीं असतें. जो न चुकता खबर देतो, त्याचें नांव घेऊन निघालेला मनुष्य त्याच्या दारापर्यंत येतो. दार उघडून त्यास खरें उत्तर देणें हें मात्र घरांतल्याचें काम आहे.